मंदाताईंची पाचवी सायकल

पाचवी सायकल आज लागणार नाही, हे मंदाताईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्या हॉस्पिटलच्या डे-केअरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. त्यांचे मिस्टर शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मंदाताई खिडकीपासून लिफ्टपर्यंत जायच्या, वळायच्या, परत खिडकीशी यायच्या.

"काय गं योगिता, बेड नाय का मिळाला?"

"बेड आहे. रिपोर्ट आलाय."

"मग?"

"मॅडमनी आत बोलावलंय."

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. मॅडमच्या दारावर टाकून मोकळी झाले. तेव्हा मी नवीन होते आणि वाईट बातमी सांगायची वेळ आली की असंच करायचे.

मी नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पेशंट नेव्हिगेटर म्हणून अर्धवेळ काम करते. एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष चालू आहे. आधी कॉलेजच्या फील्डवर्कसाठी इथे आले होते, नंतर त्यांनी ठेवून घेतलं. नेव्हिगेटर म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. पेशंटची फाइल लावणं, पुढची तारीख देणं, तारीख चुकली तर फोन करणं, कोणत्या खिडकीत कोणता कागद द्यायचा ते दाखवणं, हे माझं काम. पहिल्या दिवशी भरायचा एक फॉर्मही माझ्याकडेच असतो. त्यात एक ओळ आहे. इतर औषधोपचार चालू आहेत का, आणि पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

मंदाताईंच्या फॉर्मवर 'नाही'च्या चौकोनात टिक होती. ती मीच केली होती.

मंदाताई पिंपळगाव बसवंतच्या. वय सेहेचाळीस. तिथल्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये लाइन सुपरवायझर. म्हणजे घड कात्रीनं साफ करून, खराब मणी काढून, प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत भरणाऱ्या चाळीस बायकांवर नजर ठेवायची. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठीसकट स्तन काढला. त्यानंतर केमोथेरपी. केमोचं औषध एकदा सलाइनमधून द्यायचं, मग शरीर सावरायला ठरावीक दिवस थांबायचं, याला एक सायकल म्हणतात. मंदाताईंच्या आठ ठरल्या होत्या. पहिल्या चार एका औषधाच्या झाल्या होत्या. पाचवीपासून औषध बदलणार होतं.

प्रत्येक सायकलच्या आधी रक्त तपासतात. त्यात लिव्हरचीही तपासणी असते. हे नवं औषध लिव्हर पचवून बाहेर टाकतं. लिव्हर बिघडलेलं असेल तर ते अंगात साचतं आणि फायद्याऐवजी धोका होतो. म्हणून रिपोर्ट वर गेला की डॉक्टर हात थांबवतात. मंदाताईंचा रिपोर्ट असायला हवा त्याच्या चौपट होता.

मॅडम आमच्या ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरवर औषधांनी उपचार करणाऱ्या डॉक्टर. त्या भराभर बोलतात आणि बोलताना चष्मा डोक्यावर ढकलतात.

"कावीळ कधी झाली होती?"

"नाय."

"दारू?"

"अहो मॅडम!" मंदाताईंनी मिस्टरांकडे बघितलं. "हे टेम्पो चालवतात, तेसुद्धा शिवत नाय."

"विचारावं लागतं. दुसरं काही औषध? आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, कुणी दिलेलं?"

"काही नाय."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? तुमचंच घेते ना मी."

मॅडमनी माझ्याकडे हात केला. मी फाइल उघडून फॉर्म दाखवला. 'नाही'वर टिक. मॅडमनी मान हलवली.

"आठवडाभर थांबू. कावीळ बी, सी तपासू. पुढच्या बुधवारी परत रक्त द्या. योगिता, तारीख लिही."

"बुधवार नको," मंदाताई लगेच म्हणाल्या. "सोमवारी येते. नायतर मंगळवारी. बुधवारी लाइनवर माल जास्त असतो."

"लाइनवर तुम्हाला जायला सांगितलंय का मी?"

"जात नाय हो. फोन येतात."

मी बुधवार खोडून सोमवार लिहिला. मंदाताई बाहेर आल्या आणि परत चालायला लागल्या.

दुपारी फाइल कपाटात ठेवताना मी त्यांचं तारखांचं पान बघितलं. चार सायकल, त्यांच्या मधल्या रक्ताच्या तारखा, एकदा टाके दाखवायची तारीख. तीन ठिकाणी बुधवार खोडून मंगळवार, गुरुवार किंवा सोमवार केलेला. अक्षर माझं. प्रत्येक वेळी कारण वेगळं. एकदा मुलीचा पेपर, एकदा मिस्टरांचा टेम्पो, आज लाइनवरचा माल. रविवारी डे-केअर बंदच असतं, त्यामुळे रविवारचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मी ते पान परत वरून वाचलं.

मी सुरगाण्याच्या बाजूची, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे थोरले काका झाडाच्या मुळ्या देतात, काविळीला आणि मुतखड्याला. आमच्याकडे मुळी उगाळून घ्यायचे दिवस दोनच, रविवार आणि बुधवार. पहाटे उपाशीपोटी, पूर्वेला तोंड करून, कोणाशी न बोलता. त्या दिवशी दुसरं कोणतंही औषध अंगात जाऊ द्यायचं नाही, सुई तर नाहीच. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे घेतोय हे कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. लहानपणी मी हे इतक्या वेळा ऐकलंय की मला तो नियम वाटतच नाही. अंघोळ करून देवाला हात जोडावेत तसं वाटतं.

हॉस्पिटलमध्ये मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. इथे झाडपाल्याचं नाव निघालं की जेवणाच्या टेबलावर हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आता लिहिताना लाज वाटते, पण हसायचे.

त्या सोमवारी मंदाताई रक्त देऊन पाण्याच्या कूलरजवळ उभ्या होत्या. मिस्टर खाली टेम्पो लावायला गेले होते. मी जवळ गेले. कसं विचारायचं ते दोन दिवस ठरवत होते, तरी तोंडातून भलतंच निघालं.

"मंदाताई, कितवा बुधवार झाला?"

त्यांचा ग्लास हातातच राहिला.

"कसला बुधवार?"

"आमच्या घरीपण देतात. काका देतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आजूबाजूला बघितलं. मग एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू त्या बाजूची हायेस?"

"हो."

"मला वाटलं तू नाशिकची. बोलतेस तर शहरातल्यासारखी."

"कॉलेजमुळे."

"मग तुला ठाऊक हाय ना, मी काय बोलू शकत नाय ते?"

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला काय घेता ते विचारलं नाही. कितवा बुधवार एवढंच विचारलं."

त्या हसल्या. घाबरलेलं माणूस हसतं तसं. मग त्यांनी बोटं दाखवली. एक हात पूर्ण आणि दुसऱ्या हाताचं एक. सहा. म्हणजे तिसऱ्या सायकलच्या सुमारास सुरू झालं होतं.

"मंदाताई, लिव्हर त्यामुळे बिघडलं असेल. मॅडमना सांगावं लागेल."

"नाय." त्यांनी माझं मनगट पकडलं. "योगिता, माझ्या पोरीची शपथ हाय तुला. सहा झालेत, अकरा घ्यायचेत. पाच राहिलेत फक्त. आता तोंडातून काढलं तर सगळं वाया. तूच म्हणतेस ना तुझ्या घरी देतात? मग तुझ्या काकांनी असं मधेच कुणाला मोडू दिलंय का?"

मी कूलरचा गळणारा नळ बंद करायला लागले.

"बोल ना."

"नाही मोडू दिलं."

"मग?"

आणि मी मान हलवली. हो म्हणाले. सांगणार नाही म्हणाले.

ही चूक होती. मी ती का केली ते मला अजून नीट सांगता येत नाही. कॉलेजमध्ये गोपनीयता शिकवतात, पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नाही, हे पाठ होतं. पण त्याच धड्यात पुढे लिहिलंय की जिवाला धोका असेल तर हा नियम लागत नाही. मी पहिला अर्धा धडा वापरला. खरं कारण वेगळं होतं. नियम मोडला तर गुण जातो, हे माझ्याही आत कुठेतरी अजून बसलेलं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. चौपटचा सहापट झाला होता. कावीळ बी, सी दोन्ही निगेटिव्ह.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना बोलावलं. मी फाइल घेऊन भिंतीशी उभी.

"मला कारण सापडत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "चारही सायकलमध्ये लिव्हर व्यवस्थित होतं. आता अचानक चढतंय. सीटी करावा लागेल. लिव्हरमध्ये काही पसरलंय का ते बघायला हवं."

मंदाताईंचे मिस्टर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. ते थांबले.

"पसरलंय म्हणजे मॅडम, तो… तोच?"

"असेलच असं नाही. पण बघावं लागेल. आणि ते नसलं तरी लिव्हर असंच राहिलं तर हे औषध मी देऊ शकत नाही. दुसरं द्यावं लागेल, ते एवढं चांगलं नाही. जास्त दिवस थांबणंही बरोबर नाही. आत्ता यांच्यासाठी वेळ महत्त्वाचा आहे."

मिस्टरांनी तोंड फिरवलं. मंदाताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. ती नजर काय सांगत होती ते मला कळलं नाही. गप्प राहा म्हणत होती, की आता तू काहीतरी कर म्हणत होती.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. मिस्टर सीटीची चिठ्ठी घेऊन काउंटरला गेले. मंदाताई लिफ्टपाशी पोचल्या, वळल्या, परत आल्या. मी त्यांच्याबरोबर चालायला लागले. त्या बसणार नाहीत हे मला माहीत होतं.

"मंदाताई, मी काल हो म्हणाले ते चुकलं."

"तू सांगितलंस त्यांना?"

"नाही. पण तुम्ही सांगा."

"गुण जाईल."

"आमच्याकडे एक रीत आहे, काल आठवली नाही," मी म्हणाले. "घेणाऱ्यानं सांगायचं नाही. पण देणाऱ्यानं परवानगी दिली तर चालतं. काकांकडे एक बाई यायच्या, त्यांचं सिझेरियन मधेच ठरलं. तेव्हा काकांनी स्वतः सांगितलं, जा, डॉक्टरला काय ते सांग, माझी ना नाही. तुम्हाला कोणी दिलं?"

मंदाताई थांबल्या. पहिल्यांदा थांबल्या.

"सोमाबाबा म्हणून हायेत. पॅकहाउसला सीझनमध्ये त्या बाजूच्या बाया येतात, त्यांतली एक घेऊन गेली होती."

"त्यांचा फोन आहे?"

"पोराचा हाय."

"लावू?"

"आणि काय बोलू?"

"जे खरं आहे ते."

त्यांनी बराच वेळ फोनच्या स्क्रीनवर अंगठा धरून ठेवला. मग माझ्याकडे दिला. "तूच लाव."

आम्ही जिन्यात गेलो. पोरानं उचलला, बाबा शेतावर आहेत म्हणाला, थांबा म्हणाला. आम्ही थांबलो. कोंबड्या ऐकू येत होत्या. मग एक जाड आवाज आला. मी स्पीकर लावला.

"कोण?"

"बाबा, मी मंदा. पिंपळगावची. द्राक्षावाली."

"हां. काय झाला बाई? उलटी-बिलटी?"

"नाय बाबा. दवाखान्यातून बोलते."

"दवाखान्यात कशाला गेलीस?"

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"बाबा, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझं ऑपरेशन झालंय. गाठ काढली डॉक्टरांनी. सगळंच काढलं. आणि आता सुया चालू हायेत. ते केमो म्हणतात ते."

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"गाठ काढली?"

"हो."

"मंग मी कोणच्या गाठीवर औषध दिला?"

मंदाताई एक पायरी खाली उतरल्या.

"बाई, तू माझ्यासमोर बसून सांगलीस, छातीत गाठ हाय, दवाखाना केला नाय. म्हणून दिला मी. ते जोराचा औषध हाय. रिकाम्या अंगाला द्यायचा. ज्याच्या अंगात आधीच डॉक्टरचा औषध हाय त्याला मी हात लावत नाय. तुला ज्या बाईनं आणली तिनं सांगला नाय का?"

"सांगितलं होतं," मंदाताई म्हणाल्या. "दवाखाना चालू असेल तर बाबा देत नाय, असं ती म्हणाली. म्हणून मी सांगितलं नाय."

एवढे दिवस मला वाटत होतं की मंदाताईंनी डॉक्टरांपासून लपवलं. त्यांनी दोन्हीकडे लपवलं होतं. इकडे सांगितलं तर मुळी बंद होईल म्हणून इकडे गप्प, तिकडे सांगितलं तर मुळी मिळणारच नाही म्हणून तिकडे गप्प. दोन्ही औषधं देणाऱ्यांपैकी कोणालाच दुसरं औषध माहीत नव्हतं. आणि ज्या नियमाला मी एवढी घाबरले होते, त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, की देणाऱ्यापासून काही लपवायचं नाही, तो मला माझ्याच घरातून माहीत असायला हवा होता.

"बाबा," मी म्हणाले, "मी योगिता. इथे काम करते. सुरगाण्याकडचीच आहे. त्यांचं लिव्हर बिघडलंय. डॉक्टरांना सांगायचंय. तुमची परवानगी हवी."

"कोणाची पोर तू?"

मी काकांचं नाव सांगितलं.

"हां. मंग तुला कळायला पायजे होता. परवानगी कसली मागतेस? बाई, आजपासून बंद. राहिलेली मुळी पाण्यात सोडून दे. आणि डॉक्टरला दे फोन, मी बोलतो."

डॉक्टरला फोन द्यायचा म्हणजे माझं कालचं हो म्हणणंही सांगावं लागणार होतं. पण आता मागे फिरायला जागा नव्हती. मंदाताईंना घेऊन मी मॅडमच्या केबिनचं दार वाजवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. माझा सोमवार, माझं हो म्हणणं, सगळं. मॅडमनी चष्मा डोक्यावर ढकलला.

"काल माहीत होतं तुला?"

"हो मॅडम."

"आणि मी आज त्या माणसाला सांगितलं की बायकोच्या लिव्हरमध्ये पसरलं असेल."

मॅडमनी हात पुढे केला. फोनसाठी.

"नमस्कार बाबा. मी डॉक्टर बोलतेय."

"बोल बाई."

मॅडमना इतक्या सहज अरे-तुरे करणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. मॅडमना काही वाटलेलं दिसलं नाही.

"झाडाचं नाव सांगणार का?"

"नाय."

"बरं. नको सांगू. किती देतोस?"

मॅडमही अरे-तुरेवर आल्या. मी आणि मंदाताईंनी एकमेकींकडे बघितलं.

"बोटाच्या पेराएवढी मुळी. दगडावर उगाळायची. गाईच्या दुधात. आठवड्यात दोनदा."

"जास्त झालं तर काय होतं?"

"उलटी होती. डोळे पिवळे होतात. मंग थांबवायचा आणि ताक द्यायचा."

मॅडमनी डोळे मिटले. "डोळे पिवळे होतात म्हणजे लिव्हर. हेच मी शोधत होते. बाबा, यापुढे पिंपळगाव-नाशिककडून कोणी आलं तर आधी फाइल बघायला माग. फाइल असली तर परत पाठव."

"मला वाचता येत नाय."

"नुसती जाड फाइल दिसली तरी परत पाठव."

बाबा हसले. मॅडमही हसल्या. पण फोन ठेवल्यावर चेहरा परत तसाच.

"यामुळेच झालंय हे मी आज खात्रीनं सांगू शकत नाही," त्या मंदाताईंना म्हणाल्या. "केमोनंही असं होऊ शकतं. सीटी आपण करायचाच. मुळी बंद करून दर आठवड्याला रक्त बघायचं. उतरलं तर समजेल. आता मला सगळं सांगा. मुळीशिवाय काय काय?"

तोवर मिस्टर काउंटरवरून आले होते. मग पिशवी उघडली. इतके दिवस मिस्टर मांडीवर धरून बसायचे तीच. त्यात गव्हांकुराच्या रसाची बाटली निघाली. हळदीच्या कॅप्सूल निघाल्या, मुलीनं ऑनलाइन मागवलेल्या. लक्ष्मणफळाची सुकवलेली पानं, जावेनं दिलेली. मग जे पिशवीत नव्हतं ते तोंडानं. साखर बंद. दूध बंद, मुळीपुरतं सोडून. अंडी बंद. तूरडाळ बंद, कुणीतरी पित्त होतं म्हणालं म्हणून. रोज पहाटे प्राणायाम. आणि दिवसभर चालणं.

"मग खाता काय?" मॅडमनी विचारलं.

"भाकरी. दुधी. फळं."

"म्हणून चार किलो उतरलात. मी समजत होते केमोमुळे."

मिस्टर हळूच म्हणाले, "मी सांगत होतो तिला अंडं खा म्हणून."

"तुम्ही गप बसा हो." मंदाताईंचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला. "मॅडम, राग नका मानू. पण तुम्ही सुया लावता, तुम्ही औषध देता, तुम्ही कापता, तुम्ही तारीख देता. मी काय करायचं? नुसतं पडून राहायचं? लाइनवर चाळीस बाया माझ्या शब्दावर हलतात. इथे माझ्या अंगावर मला काहीच करता येत नाय. कुणी म्हणालं हे घे, की वाटतं, चला, हे तरी माझ्या हातात हाय."

मला कॉलेजमध्ये दोन वर्षं जे समजावून सांगत होते ते त्या एका वाक्यात होतं. पण मी ते वहीत लिहून घेतलं नाही. त्या वेळी ते बरं दिसलं नसतं.

मॅडमनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि पिशवीतल्या वस्तू एकेक करून ठेवायला लागल्या.

"कॅप्सूल बंद. भाजीतली हळद चालेल. ही पानं बंद, यातलं काय कशाशी भांडेल ते मला माहीत नाही. रस सध्या बंद, कारण तो कच्चा असतो आणि तुमच्या पांढऱ्या पेशी कमी असतात, इन्फेक्शन होईल. प्राणायाम करा. चाला, पण पॅसेजमध्ये नाही. सकाळी अर्धा तास, घड्याळ लावून. ते तुमच्या थकव्यावर खरोखर काम करतं, मी तुमचं मन राखायला सांगत नाही. साखर कमी केलीत, ठीक. पण अंडं, डाळ, दूध आजपासून चालू. हे औषध म्हणून खायचं. आणि डावा हात?"

"हात काय?"

"ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यात. हात वापरला नाही तर आखडतो, पुढे सुजतो. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सांगितला होता. करता?"

"नाय केला. मला वाटलं आराम द्यायचा."

"हा तुमच्या हातातला आहे. भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. रोज बोटं किती वर जातात ते बघा. मला दर आठवड्याला सांगायचं."

मंदाताईंनी डावा हात तिथेच, केबिनच्या भिंतीवर ठेवला आणि बोटांनी वर चढवायला लागल्या. खांद्याच्या वर येताना तोंड वाकडं झालं. त्या थांबल्या, परत प्रयत्न केला.

सीटी झाला. रिपोर्टची वाट बघायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी वर्गात बसून एक अक्षरही ऐकलं नाही. लिव्हरमध्ये काही नव्हतं.

लिव्हरचा रिपोर्ट पहिल्या आठवड्यात होता तिथेच राहिला. दुसऱ्या आठवड्यात निम्मा झाला. मंदाताई दर वेळी आल्या की आधी मला विचारायच्या, "किती?" आणि मी आता दारावर न ढकलता आकडा सांगायचे. चौथ्या आठवड्यात मॅडमनी होकार दिला आणि पाचवी सायकल लागली. मिस्टरांनी घरून उकडलेली अंडी आणली होती. सलाइन चालू असताना मंदाताई स्टँड ढकलत फिरायला उठल्या, तेव्हा सिस्टरनी त्यांना ओरडून बसवलं.

आठही सायकल झाल्या. आता त्या पाच वर्षं रोज एक गोळी घेतील आणि दर तीन महिन्यांनी तपासायला येतील. जो उशीर झाला त्यानं पुढे काही फरक पडेल का, हे कोणालाच सांगता येत नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, "माहीत नाही." माझ्या एका दिवसाच्या गप्प बसण्याचंही तसंच आहे. उपचारात एका दिवसानं बिघडलं नसेल. पण त्या एका सकाळी एका माणसानं आपली बायको जातेय असं समजून तोंड फिरवलं होतं, ते मी टाळू शकले असते. माझ्या सुपरवायझरनी हे सगळं माझ्या मूल्यमापनात लिहिलं. बरोबरच लिहिलं.

फॉर्ममधली ती ओळ आम्ही काढून टाकली. आता मी आधी सांगते की माझे काका मुळी देतात आणि त्यांच्याकडे देणाऱ्यापासून काही लपवत नाहीत. मग पेशंटच्या घरच्यांना चहाला पाठवते आणि विचारते, कोणी काय दिलंय, कोणत्या दिवशी घेता, कोणत्या दिवशी आमच्या सुया नकोत. पूर्वी एका फॉर्मला चार मिनिटं लागायची. आता पंधरा लागतात. रांग लांबते, आणि ओपीडीचे इनचार्ज रोज दहाच्या सुमारास येऊन माझ्यावर ओरडतात.